१६ हजार टनांत दहा तोफा बसतील का? एका काल्पनिक युद्धनौकेचा वजनाचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कादंबरीतल्या एका छोट्या, काल्पनिक सागरी देशाच्या संसदेने १९०६ साली कायदा केला आहे की नवी युद्धनौका १६ हजार टनांपेक्षा जड असता कामा नये. नौदलप्रमुखांना मात्र १२ इंची दहा तोफा, ११ इंच जाडीचा चिलखती पट्टा (पाणरेषेलगत दोन्ही बाजूंना असलेलं पोलादी कवच) आणि २१ नॉट (ताशी २१ सागरी मैल) वेग हवा आहे. हे सगळं त्या वजनात बसेल का, आणि बसत नसेल तर काय कापावं?

बसणार नाही. पहिल्याच हिशेबात साधारण साडेबाराशे टन जास्त होतात, आणि दुसऱ्या हिशेबात तो आकडा आणखी वाढतो. जहाजांच्या आराखड्यांवर काम करताना माझा बराच काळ वजनाच्या तक्त्यांमध्ये गेला आहे. त्यावरून सांगतो, की वजनाची मर्यादा असलेलं जहाज कागदावर उतरवण्याआधी काय सोडून द्यायचं हे ठरवावं लागतं. काय बसवायचं याची यादी घेऊन सुरुवात केली की माणूस प्रत्येक गोष्ट थोडी थोडी कापत जातो, आणि शेवटी धड वेगवान नाही, धड मजबूत नाही, असं जहाज हाती येतं.

आधी ‘१६ हजार टन’ म्हणजे नक्की काय, ते तुमच्या कायद्याच्या मसुद्यात लिहून टाका. त्या काळचा इंग्रजी टन २,२४० पौंडांचा, म्हणजे आजच्या मेट्रिक टनापेक्षा १६ किलोंनी जड. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न: जहाज कितपत भरलेलं असताना मोजायचं? युद्धनौकांवर मर्यादा घालणाऱ्या १९२२ च्या वॉशिंग्टन तहाने ‘स्टँडर्ड’ विस्थापनाची (विस्थापन म्हणजे जहाजाने बाजूला सारलेल्या पाण्याचं, अर्थात जहाजाचं स्वतःचं वजन) व्याख्या पक्की केली. त्यात दारूगोळा, माणसं, शिधासामग्री धरायची, पण इंधन आणि बॉयलरचं राखीव पाणी वगळायचं. १९०६ साली ही व्याख्या नव्हती. तेव्हा चालायचं ते ‘नॉर्मल’ विस्थापन, ज्यात कोळशाचा फक्त एक हिस्सा धरलेला असे. ब्रिटिशांच्या ड्रेडनॉट या १९०६ च्या युद्धनौकेचं नॉर्मल विस्थापन सुमारे १८,१२० टन. त्यात कोळसा धरलेला ९०० टन, पण तिच्या कोळसाकोठारांत २,८०० टनांहून जास्त मावत असे. पूर्ण भरली की ती २०,७०० टनांच्या वर जाई आणि तीन फूट जास्त खोल बसे. अशा वेळी तिच्या ११ इंची पट्ट्याची वरची कड पाण्याखाली जायची. संसदेसमोर मांडलेला आकडा आणि लढाईच्या दिवशीचा आकडा यांत एवढं अंतर होतं, आणि कादंबरीकाराला त्यात भरपूर जागा आहे.

आता ताळेबंद. ड्रेडनॉटच्या आराखड्यातलं वजन ढोबळपणे असं वाटलं गेलं होतं: हल, म्हणजे जहाजाचं धड, ६,१०० टन, चिलखत ५,००० टन, तोफा, टरेट (फिरते तोफबुरुज) आणि दारूगोळा ३,१०० टन, बॉयलर व टर्बाइन २,००० टनांच्या किंचित आत, कोळसा ९००, आणि नांगर, होड्या, माणसं, पाणी, सामान मिळून ६५०. या काळातल्या बहुतेक मोठ्या युद्धनौकांमध्ये हल एकूण वजनाच्या तिसऱ्या भागाहून थोडा जास्त असतो. नवखे लोक कापायला पहिल्यांदा हात घालतात तो इथेच, कारण हल कोणावर गोळा टाकत नाही आणि कोणाचा गोळा अडवतही नाही. पण इथे काही मिळत नाही. साडेचारशे फुटांचं जहाज लाटेच्या माथ्यावर मध्यभागी उचललं जातं तेव्हा त्याची दोन्ही टोकं खाली वाकू पाहतात. तो ताण पेलणारं पोलाद कमी केलं तर समुद्र त्याची किंमत वसूल करतो. तुमच्या जहाजाला हलसाठी ५,५०० टन राखून ठेवा आणि त्या रकान्याकडे पुन्हा पाहू नका.

नौदलप्रमुखांची मागणी याच तक्त्यात भरली तर असं दिसतं. हल ५,५००, सामान व माणसं ६२०, दहा तोफांचा सगळा पसारा ३,१००, यंत्रं २,०००, चिलखत ५,०००, कोळसा ९००, राखीव १५०. बेरीज १७,२७०. म्हणजे १,२७० टन जास्त. हा आकडा किती मोठा आहे हे कळण्यासाठी त्या जहाजाच्या मुख्य पट्ट्याचं वजन काढू. पोलादाचा एक चौरस फूट, एक इंच जाड तुकडा सुमारे ४०.८ पौंड भरतो. हा एकच आकडा पाठ केला तरी चिलखताचे निम्मे हिशेब तोंडी होतात. पट्टा ३०० फूट लांब, ८ फूट उंच, ११ इंच जाड धरला, तर दोन्ही बाजू मिळून ९६२ टन होतात. म्हणजे मुख्य पट्टा अख्खा काढून जहाज उघडं केलं, तरी तीनशे टन जास्तच राहतात.

आणि ही पहिलीच फेरी झाली. जास्तीचं वजन तरंगवायला मोठा हल लागतो, मोठा हल स्वतः जड असतो, त्याला ढकलायला जास्त शक्ती लागते, जास्त शक्तीची यंत्रं जास्त लांबी अडवतात, आणि वाढलेल्या लांबीवर चिलखत चढवावं लागतं. दोन-तीन फेऱ्यांनी आकडा थांबतो तेव्हा तो अठरा हजारांच्या आसपास असतो. दहा तोफा, ११ इंच आणि २१ नॉट यांची बेरीज ड्रेडनॉट हीच येते. मुख्य आराखडाकार फिलिप वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उगाच दोन हजार टन वाया घालवले नव्हते.

तुमच्या नौदलप्रमुखांसारखीच चूक त्या काळातल्या एका फार हुशार माणसाने कागदावर केली होती. इटलीचे नौकारचनाकार व्हित्तोरिओ कुनिबेर्ती यांनी १९०३ साली लंडनहून निघणाऱ्या युद्धनौकांच्या वार्षिकात ब्रिटिश नौदलासाठी एक आदर्श जहाज सुचवलं: १७ हजार टन, १२ इंची बारा तोफा, १२ इंची चिलखत आणि २४ नॉट. एकाच आकाराच्या मोठ्या तोफांची कल्पना अचूक होती आणि पुढच्या सगळ्या युद्धनौका त्याच वाटेने गेल्या. पण वजन जुळत नव्हतं. मी वरच्याच पद्धतीने मांडून पाहतो तेव्हा ते जहाज साडेएकोणीस हजारांच्या खाली येत नाही. खरा पुरावा मात्र पाण्यावरच मिळाला. १९०९ साली सेवेत आलेली ब्रिटिशांची इन्व्हिन्सिबल १७,२५० टनांची होती, तिचा वेग २५ नॉट होता, आणि त्यासाठी तिला आठ तोफा आणि फक्त ६ इंची पट्ट्यावर समाधान मानावं लागलं. कुनिबेर्तींच्या वजनात आणि वेगात प्रत्यक्षात काय मिळतं याचं हे सरळ उत्तर.

तर काय सोडायचं? मी पहिल्यांदा दोन तोफा सोडेन, आणि त्यात गमावण्यासारखं जवळपास काहीच नाही. ड्रेडनॉटच्या पाच टरेटांपैकी दोन जहाजाच्या दोन कडांना होते. एका बाजूच्या शत्रूवर मारा करताना त्यांतला एक नेहमीच निरुपयोगी असे. दहा तोफा वाहून न्यायच्या आणि आठ वापरायच्या. जर्मनीच्या नासाऊ वर्गाने तर बारा तोफा वाहिल्या आणि बाजूला आठच रोखल्या. त्यांची जुन्या पद्धतीची वाफेची इंजिनं जहाजाच्या मधली जागा व्यापत होती, त्यामुळे मध्यरेषेवर सगळे टरेट बसवायला वावच उरला नव्हता. आठ तोफा मध्यरेषेवर, पुढे दोन आणि मागे दोन टरेट, त्यांतला आतला टरेट बाहेरच्याच्या वर चढवलेला, अशी मांडणी केली की माऱ्याची ताकद ड्रेडनॉटइतकीच राहते.

अमेरिकेने नेमकं हेच केलं. मार्च १९०५ मध्ये काँग्रेसने दोन युद्धनौकांना मंजुरी देताना १६ हजार टनांची मर्यादा घातली, म्हणजे तुमच्या कथेतली परिस्थिती जशीच्या तशी. मुख्य रचनाकार वॉशिंग्टन कॅप्स यांच्यापुढे पर्याय नव्हता आणि त्यातूनच साउथ कॅरोलायना वर्गाची मांडणी जन्माला आली. जहाज ड्रेडनॉटपेक्षा सत्तर-पंच्याहत्तर फूट आखूड, दोन हजार टन हलकं, आणि बाजूचा मारा बरोबरीचा. पुढे सगळ्या जगाने चढवलेले टरेट स्वीकारले. एखाद्या बंधनाने इतकी नीट रचना सुचवल्याची उदाहरणं या क्षेत्रात थोडीच आहेत, आणि मला हे जहाज त्यासाठी मनापासून आवडतं.

एका टरेटची किंमत किती? ड्रेडनॉटवरच्या १२ इंची मार्क १० तोफेची नळी सुमारे ५८ टनांची. दहा नळ्या म्हणजे ५८० टन. पण तोफखान्याचा एकूण खर्च ३,१०० टन होता. उरलेलं वजन टरेटची फिरती यंत्रणा, गोळे उचलणारे पाळणे, पाण्याच्या दाबावर चालणारी यंत्रं, लहान तोफा आणि दारूगोळा यांचं. एक गोळा ८५० पौंडांचा. दर तोफेला ८० गोळे दिले तर दहा तोफांचे नुसते गोळेच ३०४ टन होतात, स्फोटक दारू वेगळीच. म्हणून तोफांची संख्या तीच ठेवून ‘जरा हलकी नळी’ शोधण्यात अर्थ नसतो. एक टरेट गेला की सहाशे टन जातात, शिवाय त्याखालचं कोठार, त्याभोवतीचं चिलखत आणि त्याने अडवलेली लांबीही जाते.

चढवलेल्या टरेटची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. वरच्या टरेटचा चिलखती पाया, म्हणजे बार्बेट, आठ फूट जास्त उंच करावा लागतो. २८ फूट व्यासाचं, १० इंच जाड नळकांडं धरलं तर एका टरेटमागे सुमारे १३० टन. दुसरी किंमत स्थैर्याची. सहाशे टन आठ फूट वर नेले तर १६ हजार टनांच्या जहाजाचं गुरुत्वकेंद्र साडेतीन इंचांहून थोडं जास्त वर सरकतं; दोन टरेटांचं मिळून सात-साडेसात इंच. ऐकायला किरकोळ वाटतं, पण अशा जहाजाची मेटासेंट्रिक उंची, म्हणजे कलल्यावर सरळ होण्याची ताकद ज्यावर ठरते ते अंतर, चार-पाच फुटांचं असतं. इथे रुंदी मदतीला येते, कारण स्थैर्य रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ८० फुटांची रुंदी ८२ केली की जवळजवळ ११ इंच परत मिळतात. पण मोहात पडून ८८ फूट करू नका. फार स्थिर जहाज झटक्यासरशी सरळ होतं, त्याची डुलण्याची लय आखूड आणि तुटक होते, आणि तोफेवरच्या माणसाला नेम धरता येत नाही.

कथेसाठी आणखी एक गोष्ट घ्या. वरची तोफ उडाल्यावर तिच्या तोंडाशी होणाऱ्या दाबाचा फटका खालच्या टरेटवर बसतो. ब्रिटिश टरेटांच्या छतावर नेम धरणाऱ्यांसाठी उघड्या फटी असलेल्या टोप्या होत्या, त्यामुळे त्यांच्या जहाजांवर वरच्या टरेटने थेट पुढे मारा करणं कित्येक वर्षं टाळलं जाई. तुमच्या रचनाकाराने हा धोका ओळखून फटी छताऐवजी बाजूला ठेवल्या, आणि जुन्या अधिकाऱ्यांनी त्याला वेड्यात काढलं, असा प्रसंग इतिहासाशी पूर्ण सुसंगत राहील.

वेगाकडे वळू, कारण सगळ्यात मोठी बचत इथे आहे. लोकांना वाटतं की जहाज १८ हजारांवरून १६ हजारांवर आणलं की यंत्रंही तेवढ्याच प्रमाणात हलकी होतील. तसं होत नाही. लागणारी शक्ती विस्थापनाच्या दोन-तृतीयांश घाताच्या आणि वेगाच्या घनाच्या प्रमाणात जाते. त्यामुळे वजन अकरा टक्के कमी केलं तर शक्ती जेमतेम आठ टक्के कमी होते. शिवाय आखूड जहाजाला त्याच वेगाला लाटांचा विरोध जास्त होतो, आणि ती आठ टक्केही हातातून निसटते. ड्रेडनॉटला २१ नॉटसाठी २३ हजार अश्वशक्ती लागली. तुमच्या आखूड जहाजालाही तेवढीच लागेल. उलट वेग २१ वरून १९ नॉटवर आणला तर शक्ती चौथाईने खाली येते. साडेसतरा हजार अश्वशक्तीत काम भागतं, यंत्रांचं वजन साडेचारशे टनांनी उतरतं, आणि बॉयलरची खोली आखूड झाल्याने पट्ट्याची लांबीही वाचते.

लांबीचा हिशेब फार लोक विसरतात, म्हणून वेगळा सांगतो. अशा जहाजात मध्यभागी एक फूट लांबी वाढवली तर हलचे सरासरी १२ टन, दोन्ही बाजूंच्या पट्ट्याचे तीन टन आणि दोन इंची चिलखती डेकचे तीन टन लागतात. अठरा टन एका फुटाला. तीस फुटांचं एक जास्तीचं बॉयलर रूम म्हणजे पाचशे टनांहून अधिक, आणि त्यात बॉयलर अजून बसवलेच नाहीत. १९२२ नंतर नेल्सन आणि रॉडनी या युद्धनौका रचताना ब्रिटिशांनी नऊच्या नऊ तोफा जहाजाच्या पुढच्या भागात कोंबल्या त्या याचसाठी: ३५ हजार टनांत १६ इंची तोफा आणि १४ इंची पट्टा बसवायचा तर चिलखताखालची लांबी कमी केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. वजन वाचवायला त्यांनी डेकवरच्या सागवानाऐवजी हलकं फर लाकूडही वापरलं. इतकी काटकसर झाली की जहाजं मर्यादेपेक्षा हजार टनांहून जास्त हलकी उतरली.

चिलखतात सरसकट जाडी कमी करू नका. पट्ट्याचा प्रत्येक इंच ८७ टनांचा आहे. ११ चा १० केला तर फार काही हाती लागत नाही. पण चिलखती डेकचा एक इंच सव्वाचारशे टनांच्या वर जातो, कारण ३०० फूट लांब आणि ८० फूट रुंद असं ते मैदान आहे. डेकचा एक इंच म्हणजे पट्ट्याचे पाच इंच. तुमच्या मूळ आराखड्यात चार इंची डेक आहे. ती १९१६ च्या जटलंडच्या लढाईनंतरच्या अनुभवातून सुचलेली गोष्ट आहे. १९०६ साली लढाईची अंतरं सहा-आठ हजार यार्डांची धरली जात, गोळे जवळजवळ सपाट येत, आणि दीड-दोन इंची डेक फुटलेल्या गोळ्याचे तुकडे अडवायला पुरेशी मानली जाई. डेक दोन इंचांवर आणा, आठशेहून जास्त टन मोकळे होतील. पट्ट्याच्या बाबतीत मी जाडीपेक्षा उंचीला जपेन. उंचीचा एक फूट १२० टन घेतो, पण तो जहाज खोल बसलं असताना पाण्याच्या वर राहणारा एकमेव फूट असू शकतो.

दुय्यम तोफांबद्दल थोडक्यात: ६ इंची तोफा नकोत. ड्रेडनॉटप्रमाणे टॉर्पेडो बोटींसाठी फक्त तीन इंची तोफा ठेवा. चिलखती कप्प्यांतल्या डझनभर मध्यम तोफा कित्येक शे टन गिळतात, आणि १६ हजार टनांत तेवढी चैन परवडत नाही.

हे सगळं धरून उभं राहणारं जहाज असं: पाणरेषेवर लांबी ४६० फूट, रुंदी ८०, बुडालेली खोली साडेचोवीस फूट. या तिघांचा गुणाकार करून ०.६२ ने गुणा आणि ३५ ने भागा, कारण समुद्राचं ३५ घनफूट पाणी एक टन भरतं. उत्तर येतं १५,९७० टन. मधला ०.६२ हा आकडा हलच्या भरीवपणाचा; चौकोनी खोक्याचा १ असतो. हेच गणित साउथ कॅरोलायनाच्या मापांवर उलटं चालवलं तर ०.६३ ते ०.६४ मिळतो, म्हणजे आपण जमिनीवरच आहोत. वजन: हल ५,५००, सामान व माणसं ६००, आठ तोफा २,५००, टर्बाइन व बॉयलर १,५५०, कोळसा ८००, राखीव २००. उरतात ४,८५० टन, ते सगळे चिलखताला. त्यात ११ इंची पट्टा, भरभक्कम बार्बेट आणि दोन इंची डेक व्यवस्थित बसते. वेग १९ नॉट. पण दोन चढवलेल्या टरेटांसह ८० फुटांत स्थैर्य काठावर वाटलं, तर रुंदी ८२ करा आणि भरीवपणा किंचित कमी करून वजन तेच ठेवा.

राखीव २०० टनांना हात लावू देऊ नका. जहाज बांधलं जात असताना ते जड होतच जातं. पत्रे कारखान्यातून ठरल्यापेक्षा किंचित जाड येतात, रंगाचे थर चढतात, अधिकाऱ्यांना आणखी एक दिवा, आणखी एक होडी हवी असते. तुमच्या जहाजाला एक इंच खोल बसवायला साधारण ६२ टन पुरतात. ६०० टन वाढले की पट्ट्याचे दहा इंच पाण्यात गेले. रशियाच्या बोरोदिनो वर्गाची जहाजं मे १९०५ मध्ये त्सुशिमाच्या लढाईला उतरली तेव्हा आधीच जड झालेली होती, वर कोळसा ठासून भरलेला होता आणि मुख्य पट्टा बराचसा पाण्याखाली होता. त्या वर्गातल्या, तिथे लढलेल्या चार जहाजांपैकी तीन त्या दिवशी बुडाली आणि चौथं, ओरेल, दुसऱ्या दिवशी शरण गेलं. १९०६ च्या तुमच्या पात्रांसाठी ही वर्षभरापूर्वीची ताजी बातमी आहे. त्यांच्या समितीत कोणी तिचा उल्लेख केला नाही तर वाचकाला चुकल्यासारखं वाटेल.

संसद याहूनही कंजूष दाखवायची असेल तर स्पेनकडे पाहा. जानेवारी १९०८ च्या कायद्याने मंजूर झालेल्या एस्पान्या वर्गाच्या तीन नौका सुमारे १५,७०० टनांच्या, ड्रेडनॉटच्या धर्तीच्या नौकांत जगातल्या सर्वांत लहान. पैसा कमी आणि गोद्या आखूड, या दोन्ही अडचणी तिथे होत्या. त्यांनी ८ तोफा आणि साडेएकोणीस नॉट राखले आणि पट्टा ८ इंचांवर आणला. मला ती तडजोड पटत नाही, पण ज्यांना किनारा आणि तळ राखायचे आहेत त्यांची निवड म्हणून ती समजते. तुमच्या देशातली सर्वांत मोठी कोरडी गोदी किती फुटांची आहे, हे मात्र आजच ठरवा. कित्येक जहाजांची लांबी-रुंदी रचनाकाराने ठरवलेली नसते, गोदीच्या दाराने ठरवलेली असते.

आणि मर्यादा फारच खाली नेली तर काय होतं, तेही अमेरिकेनेच दाखवलं. १९०३ साली मंजूर झालेली मिसिसिपी आणि आयडाहो ही जहाजं १३ हजार टनांत बसवली गेली. लांबी छाटली, मागच्या भागाचा एक डेक काढला, वेग १७ नॉटवर आणला. कागदावर तोफा चांगल्या होत्या, पण समुद्रात ती जहाजं वाईट डुलत आणि ताफ्याबरोबर टिकत नसत. १९०८ साली सेवेत आलेली ही जोडी १९१४ मध्ये ग्रीसला विकली गेली आणि त्या पैशातून अमेरिकेने एक पूर्ण आकाराची नवी युद्धनौका बांधली. तुमच्या अर्थमंत्र्यांच्या तोंडी ‘आणखी तीन हजार टन कमी करा’ हे वाक्य घालायचं असेल तर त्याचा शेवट असा होऊ शकतो.

मंदगतीचा परिणामही कथेत दाखवा. साउथ कॅरोलायना आणि मिशिगन १९१० साली सेवेत आल्या, साडेअठरा नॉटच्या. त्यानंतर अमेरिकेच्या युद्धनौका २१ नॉटच्या होऊ लागल्या आणि ही दोन उत्तम तोफांची जहाजं जुन्या, संथ जहाजांच्या रांगेत राहिली. तुमची नौका शेजाऱ्यांच्या पुढच्या पिढीशी गाठ पडली की लढाई कुठे आणि किती अंतरावर करायची हे ठरवू शकणार नाही. तिला शत्रू येईल तिथे उभं राहून लढावं लागेल. म्हणूनच मी वेग सोडला आणि चिलखत राखलं.

शेवटचा मुद्दा कोळशाचा, कारण त्यात तुमच्या कप्तानाला खरा निर्णय घ्यावा लागतो. नॉर्मल अवस्थेत ८०० टन धरले आहेत. कोठारांत दोन हजार मावतात असं धरा. ती पूर्ण भरली आणि वर तीनशे टन जास्तीचं पाणी व सामान घेतलं, तर जहाज दोन फूट खोल बसेल. पट्टा नॉर्मलला पाण्याच्या वर तीन फूट असेल, तर आता एकच फूट उरला. कोठारं भरून निघालात तर पोहोचाल पण उघड्या बाजूने लढाल. अर्धी भरून निघालात तर चिलखत जागेवर राहील, परतीची खात्री राहणार नाही. तुमच्या समुद्राचा नकाशा पक्का झाला की दोन कोळसाबंदरांमधलं अंतर कळवा. ते फार असेल तर ८०० चा आकडा वाढवावा लागेल, आणि ते टन मी पट्ट्याच्या टोकांकडच्या जाडीतून काढेन, उंचीतून नाही.